बांधलेला दर आणि सुटलेली जबाबदारी



स्मृतिव्याख्यान म्हटले की वक्त्याने इतिहास, साहित्य किंवा तत्त्वज्ञान यांपैकी एखादा भारदस्त विषय घ्यावा असा आपल्याकडे प्रघात आहे. आणि तो प्रघात मोडून मी आज इस्पितळाच्या बिलासारखा रुक्ष विषय निवडला असताही व्याख्यानमालेच्या चालकांनी त्याला हरकत घेतली नाही, हे त्यांचे औदार्य होय. विषय रुक्ष असला तरी परका मात्र खचित नाही. येथून कोल्हापूरचा दसरा चौक ओलांडून भाऊसिंगजी रस्त्याला लागले की सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, येतो. तेथे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या, टेबलापुढची रांग आपण कधी लक्षपूर्वक पाहिली आहे काय? शाहूवाडीची, गगनबावड्याची, राधानगरीची, चंदगडची, क्वचित घाट चढून आलेली सिंधुदुर्गातील माणसे. काखेत कापडी पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि एक्स-रेचा मोठा लखोटा. आणि पाळी आली की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, ‘आमचं योजनेत बसतंय काय?’

या प्रश्नाचे उत्तर ‘बसतंय’ असे आले म्हणजे त्या कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. माझे आजचे सारे निवेदन एवढ्याचसाठी आहे, की ‘बसतंय’ या उत्तराने नेमके काय मिळते, काय मिळत नाही, आणि जे मिळत नाही ते मागण्याचा आपला हक्क कोणता, याचा शांतपणे विचार व्हावा. मी चार मुद्दे क्रमाने घेणार आहे : उपचाराची उक्ती रक्कम ठरविणे म्हणजे काय, तिने खर्च खरोखर उतरतो काय, रुग्णाच्या प्रकृतीचे पुढे काय होते, आणि आपल्या महाराष्ट्रात या व्यवस्थेची हद्द कोठे आखली गेली आहे.

पहिला मुद्दा. रुग्णालयाला पैसे देण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. एका रीतीत प्रत्येक बाबीचा निराळा आकार होतो : खाटेचे भाडे, शस्त्रक्रियागृहाचा आकार, सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, नर्सिंग, रक्ताच्या तपासण्या, सलाईन, इतकेच नव्हे तर हातमोज्यांचे जोड आणि कापसाचे बोळेसुद्धा बिलावर रुजू होतात. दुसऱ्या रीतीत अमुक एका उपचाराची, समजा हृदयाच्या बायपासची किंवा गुडघा बदलण्याची, सर्व बाबींसह एकच रक्कम आगाऊ ठरते. मग रुग्ण पाच दिवस राहो वा आठ दिवस, रुग्णालयाच्या पदरात तेवढीच रक्कम पडते. हिलाच आज आपण सारे ‘पॅकेज’ म्हणतो.

घर बांधायला काढलेल्या गृहस्थाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. गवंडी रोजावर ठेवला तर भिंत रेंगाळते. काम उक्ते दिले तर भिंत वेळेत उभी राहते, पण मालात कसर झाली तर पाहणार कोण, ही धास्ती उरते. म्हणून उक्ते काम देणारा शहाणा मालक रकमेच्या जोडीला आणखी दोन गोष्टी आधीच ठरवून घेतो : काम कोठवर करायचे, आणि पहिल्याच पावसाळ्यात गळती निघाली तर भरपाई कोणाची. रक्कम, हद्द आणि गळतीची जबाबदारी, या तीन गोष्टी एकत्र असल्या तरच उक्त्या कामात शहाणपण आहे. श्रोतेहो, माझ्या व्याख्यानाचे सार आपण एका वाक्यात मागाल तर ते असे, की आपण आरोग्याच्या क्षेत्रात पहिली गोष्ट ठरविली आणि उरलेल्या दोन अर्धवट सोडल्या.

या उक्त्या रकमेत एक नैतिक बळ आहे, तेही येथे नमूद केले पाहिजे. बाबवार आकारणीत शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली तर वाढीव दिवस, वाढीव प्रतिजैविके आणि कदाचित दुसरी शस्त्रक्रिया, या सर्वांतून रुग्णालयाचे उत्पन्न वाढते. उक्त्या रकमेत तीच जखम रुग्णालयाच्या खर्चात जाते. सभागृहात बसलेल्या डॉक्टरमित्रांनी रागावू नये. आपल्या रुग्णाची जखम चिघळावी अशी इच्छा कोणताही वैद्य धरत नाही. परंतु जी व्यवस्था चांगल्या कामाला दंड आणि वाईट कामाला बक्षीस देते, तिच्यात चांगल्या माणसाने किती काळ केवळ स्वतःच्या सदसद्विवेकाच्या बळावर टिकून राहावे?

आता दुसरा मुद्दा. खर्च उतरतो काय? अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डेंटन कूली या विख्यात हृदयशल्यविशारदाने १९८४ साली रुग्णालय आणि सर्व डॉक्टर यांची मिळून एकच रक्कम सांगण्यास आरंभ केला. पुढल्या वर्षी त्याची बायपासची उक्ती रक्कम १३,८०० डॉलर होती, तर तेथील वृद्धांच्या सरकारी विम्याला, म्हणजे मेडिकेअरला, त्याच शस्त्रक्रियेसाठी सरासरी २४,५८८ डॉलर मोजावे लागत होते. त्याहीपूर्वी, १९८३ साली, मेडिकेअरने निदानाच्या वर्गानुसार ठोक रक्कम देण्याची पद्धत सर्व देशभर लागू केली होती. तीत डॉक्टरची फी मात्र वेगळीच राहिली. ती फीसुद्धा एका गाठोड्यात बांधून १९९१ ते १९९६ या काळात निवडक रुग्णालयांत बायपासचा प्रयोग झाला, आणि त्यात सरकारची सुमारे १० टक्के बचत झाली.

परंतु सर्वांत बोधप्रद प्रयोग २०१६ सालचा. अमेरिकेतील ६७ नागरी विभागांतील रुग्णालयांना सरकारने सांगितले, की खुबा किंवा गुडघा बदलल्यापासून रुग्ण घरी गेल्यावर ९० दिवस होईपर्यंतच्या एकूण खर्चाचे दायित्व तुमचे. ठरल्या रकमेहून कमी लागले तर बचतीत वाटा, अधिक लागले तर तोशीस. पहिल्या दोन वर्षांचा हिशेब झाला तेव्हा दर रुग्णामागे सुमारे ३ टक्के बचत दिसली, आणि गुंतागुंतीचे प्रमाण वाढले नाही. ३ टक्के ही रक्कम लहान वाटेल, पण ती आली कोठून हे पाहण्याजोगे आहे. ती शस्त्रक्रियागृहातून आली नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना ज्या शुश्रूषागृहांत आठवड्यांमागून आठवडे ठेवले जात असे, तेथे पाठविणे कमी झाले, आणि तेथूनच बहुतेक बचत निघाली.

येथे मला क्षणभर थांबले पाहिजे. ही बचत ज्या खात्यातून निघाली ते खाते कोल्हापूर जिल्ह्यात आहे काय? गुडघा बदललेली म्हातारी गारगोटीला किंवा आजऱ्याला घरी येते, तेव्हा तिला कॉटवरून उठविणारी, शौचास नेणारी, वेळेवर गोळ्या देणारी आणि व्यायामाचा आग्रह धरणारी व्यक्ती कोण असते? बहुधा सून, नाहीतर महिनाभर कामावर न गेलेला मुलगा. अमेरिकेतील शुश्रूषागृहाचा खर्च सरकारी दप्तरात नोंदलेला होता, म्हणून तो कमी झालेला दिसला; आपल्याकडे तोच खर्च सुनेच्या कष्टांत आणि मुलाच्या बुडालेल्या रोजगारात विरून जातो, आणि कोणत्याही जमाखर्चात रुजू होत नाही. रुग्णाला दोन दिवस आधी घरी धाडले म्हणजे रुग्णालयाची बचत होते, हे खरे. परंतु तो भार नाहीसा होत नाही, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. म्हणून ‘खर्च कमी झाला’ असे कोणी सांगितले की आपण लगेच विचारावे : कोणाचा?

शिवाय, एका शस्त्रक्रियेचा खर्च आवरणे आणि शस्त्रक्रियांची संख्या आवरणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. २००७ साली आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना सुरू झाली, आणि तिच्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत इतक्या होऊ लागल्या, की अखेर तो उपचार शासकीय रुग्णालयांपुरता राखून ठेवावा लागला. दर बांधला म्हणून गरज बांधली जात नाही. महाराष्ट्राच्या योजनेतही काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवले गेले, त्यामागे हीच सावधगिरी होती.

तिसरा मुद्दा रुग्णाच्या प्रकृतीचा. १९८३ च्या अमेरिकन सुधारणेनंतर तेथील अभ्यासकांनी निवडक आजारांच्या रुग्णांची कागदपत्रे बारकाईने तपासली. त्यांना आढळले, की रुग्णालयातील मुक्काम सुमारे एक चतुर्थांशाने घटला, तरी मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही. मात्र प्रकृती पुरती स्थिरावण्यापूर्वीच घरी धाडलेल्या रुग्णांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले. ठोक रकमेने माणसे मारली, असा कांगावा करणाऱ्यांना पहिली गोष्ट उत्तर आहे. ठोक रकमेने सारे आलबेल झाले, असे मानणाऱ्यांना दुसरी.

मग ही व्यवस्था फळते कोठे? पेन्सिल्व्हेनियातील डॅनव्हिल या लहानशा गावी मुख्यालय असलेल्या गायसिंगर या संस्थेने २००६ साली बायपासची एकच रक्कम सांगितली आणि जोडीला हमी दिली, की ९० दिवसांत या शस्त्रक्रियेमुळे काही उपद्रव उद्भवला तर त्याचे वेगळे बिल होणार नाही. ही हमी शब्दांवर उभी नव्हती. तेथील शल्यविशारदांनी एकत्र बसून ४० टप्प्यांची यादी केली : शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक कोणत्या वेळी द्यायचे, कोणते औषध केव्हा थांबवायचे, घरी जाताना कोणते औषध सुरू राहायचे, आणि प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत हे टप्पे पाळले जाताहेत की नाही याची नोंद ठेवली. आरंभी ज्यांच्या बाबतीत हे सर्व टप्पे पुरेपूर पाळले गेले असे रुग्ण १०० पैकी ५९ होते. काही महिन्यांत ते १०० पैकी १०० झाले. येथे उक्ती रक्कम हे साधन होते; शिस्त हे साध्य होते.

आणि ही व्यवस्था फळत नाही कोठे? जो आजार शस्त्रक्रियेसारखा एका दिवशी सुरू होऊन ठरावीक वाटेने संपत नाही, तेथे. निकामी होत चाललेले हृदय, न्यूमोनिया, दम्यासारखे फुप्फुसाचे जुनाट विकार, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा आजारांना अमेरिकेत ही पद्धत २०१३ नंतर लावून पाहिली. त्यात म्हणण्याजोगी बचत झाली नाही, आणि प्रकृतीतही म्हणण्याजोगा फरक पडला नाही. ज्याच्या आजाराला आदि आणि अंत दाखविता येत नाही, त्याच्या उपचाराची उक्ती रक्कम कोणत्या आधारावर सांगणार? आणि सांगितली, तर गुंतागुंतीचा रुग्ण दारातूनच ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ असे सांगून परत पाठविण्याचा मोह कोणाला होणार नाही? साधा रुग्ण खासगीत आणि अवघड रुग्ण थोरल्या दवाखान्यात, अशी वाटणी न बोलता होऊन जाते. आणि मग सरकारी रुग्णालयात मृत्यू अधिक होतात म्हणून त्यालाच नावे ठेवली जातात!

आता चौथा मुद्दा, आपल्या घरचा.  सीमेपलीकडे कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. माणशी वर्षाला ६० रुपये वर्गणी, आणि रुग्णालयांशी शस्त्रक्रियांचे आगाऊ ठरविलेले दर. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हा नमुना हाताच्या अंतरावर असूनही उचलला नाही, हे मला नेहमी नवलाचे वाटत आले आहे. महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी योजना होती. पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून कोल्हापुरासह सर्व राज्यात आली : पिवळे व केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण, आणि ९७१ उपचारांचे ठरलेले दर. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्या जोडीला आली. आणि जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने संरक्षण ५ लाखांवर, उपचार १,३५६ वर, आणि लाभ सर्व रेशनकार्डधारकांपर्यंत नेण्याचे ठरले.

या योजनेचे ऋण मी कमी लेखणार नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणे वगळता, खासगी रुग्णालयातील एका मुक्कामाचा सरासरी वैद्यकीय खर्च ३१,८४५ रुपये, आणि सरकारी रुग्णालयातील ४,४५२ रुपये निघाला होता. ज्याच्या घरात वर्षभरात एकदाच, उसाचे बिल आले म्हणजेच, रोकड दिसते, त्याने एकतीस हजार कोठून आणावेत? गहाण, विक्री आणि सावकार, एवढ्याच तीन वाटा. या योजनेमुळे कित्येक घरांवरचे ते अरिष्ट टळले.

परंतु हद्द पाहा. महाराष्ट्राच्या योजनेत पॅकेजमध्ये खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, जेवण, एकवार परतीचे भाडे, आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी अंतर्भूत झाली. आयुष्मान भारतात डिस्चार्जनंतरची ही मुदत १५ दिवसांची. डॅनव्हिलला ९० दिवस, येथे १० किंवा १५! स्टेंट बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी महिनोन्‌महिने घ्यावी लागते. बदललेल्या गुडघ्याला व्यायाम सहा-आठ आठवडे लागतो. खोल जंतुसंसर्ग कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोके वर काढतो. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे जेव्हा कळू लागते, नेमकी तेव्हा पॅकेजची हद्द संपलेली असते. शस्त्रक्रियेच्या अलीकडची बाजूही तशीच. निदान नक्की होऊन पूर्वमान्यता मिळेपर्यंतचा खर्च, एसटीचे हेलपाटे, ‘ही तपासणी बाहेरून करून आणा’ म्हणून दिलेली चिठ्ठी, हे सारे बहुधा रुग्णाच्या खिशातून जाते.

यावर दोन उत्तरे मला नेहमी ऐकायला मिळतात. खासगी रुग्णालयांचे चालक म्हणतात, ‘दर तुटपुंजे, क्लेमचे पैसे उशिरा, आम्ही आणखी ९० दिवसांची हमी कशी द्यावी?’ त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. खऱ्या खर्चाहून कमी दर बांधणे म्हणजे उरलेली रक्कम रुग्णाकडून गुपचूप वसूल करण्याची वाट मोकळी ठेवणे होय. आणि जे सरकार स्वतः मुदत पाळत नाही, त्याने इतरांना मुदतीची शिस्त लावावी हे शोभत नाही. दुसरे उत्तर कचेरीतले : ‘गुणवत्तेसाठी आम्ही प्रमाणपत्र पाहतो.’ आयुष्मान भारतात गुणवत्तेचे पूर्ण प्रमाणपत्र असलेल्या रुग्णालयाला दर १५ टक्के वाढवून मिळतो, हे खरे. प्रमाणपत्र म्हणजे इमारत, यंत्रे, नोंदवह्या आणि कार्यपद्धती यांची तपासणी, ती हवीच. पण शाहूवाडीच्या माणसाला त्याहून साधी गोष्ट हवी असते : या रुग्णालयात बायपास केलेली १०० माणसे तीन महिन्यांनी कशी आहेत? हे सांगणारा फलक जिल्ह्यातील एकाही रुग्णालयाच्या भिंतीवर मी पाहिलेला नाही.

तेव्हा माझी सूचना अगदी मर्यादित आहे. सर्व आजारांना नव्हे. आरंभी तीन-चार ठरावीक शस्त्रक्रियांना, बायपास, अँजिओप्लास्टी, खुबा आणि गुडघा यांना, ९० दिवसांची हद्द लावावी. त्या मुदतीतील औषधे, फिजिओथेरपी आणि त्याच कारणाने पुन्हा दाखल व्हावे लागले तर त्याचा खर्च दरात धरावा, आणि दर त्या प्रमाणात वाढवावा. वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंड बिघडलेला अशा जोखमीच्या रुग्णासाठी दर चढा ठेवावा, म्हणजे त्याला दारातून परतविण्याचे कारण उरणार नाही. क्लेमला उशीर झाला तर सरकारने व्याज द्यावे. आणि फलिताची मोजणी? त्यासाठी मोठे यंत्र नको. आरोग्यमित्राने तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी रुग्णाच्या घरी फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्या : प्रकृती कशी आहे, चालता-फिरता येते काय, पुन्हा दाखल व्हावे लागले काय, आणि पदरचे किती पैसे गेले. ‘तुम्ही समाधानी आहात काय?’ हा प्रश्न मी मुद्दाम वगळतो. फुकट उपचार मिळालेला गरीब माणूस सौजन्याने ‘हो’च म्हणणार, त्याच्या सौजन्यावर आपण गुणवत्तेचा दाखला लिहू नये.

हे काम कोल्हापुरात होऊ शकते काय? थोरल्या दवाखान्याला जोडून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे दरसाल विद्यार्थ्यांना समाजवैद्यक शिकविले जाते. जिल्ह्यात शिवाजी विद्यापीठ आहे. तेथे संख्याशास्त्र शिकविले जाते. फोन करणारे, आकडे मांडणारे आणि ते तपासणारे हात या शहरातच आहेत. मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

समारोप करतो. उक्ती रक्कम वाईट नाही. बाबवार बिलाच्या लुबाडणुकीहून ती पुष्कळ बरी. ठरावीक वाटेच्या शस्त्रक्रियेत ती खर्च थोडा उतरविते आणि, शिस्तीची जोड मिळाली तर, प्रकृतीही सुधारू शकते. जुनाट आणि गुंतागुंतीच्या आजारांत तिच्याकडून फार अपेक्षा धरू नये. तेथे सशक्त सरकारी रुग्णालय आणि गावातले जागे प्राथमिक आरोग्य केंद्र यांना पर्याय नाही. आणि कोठेही ती वापरली तरी तिच्याबरोबर हद्द आणि जबाबदारी लिहून घेतली नाही, तर होणारी बचत रुग्णालयाची आणि सरकारची, होणारी तोशीस घरच्यांची, असाच हिशेब निघणार. म्हणून यापुढे आपल्या आप्तांपैकी कोणी योजनेतून शस्त्रक्रियेस निघाला, तर ‘बसतंय काय?’ एवढ्यावर त्याला थांबू देऊ नका. ‘किती दिवसांपर्यंत बसतंय, आणि बिघडलं तर कोण बघणार?’ हेही त्याने विचारावे, आणि उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावे. हजारो माणसांनी तेच विचारले की ते कलम योजनेच्या करारात येईल. आजवर जी कलमे आली तीही मागितल्यावाचून आलेली नाहीत.